आजोबांचा रकाना

सकाळचे सात वाजून बावीस मिनिटं झाली आहेत. चाकणच्या एका सुट्या भागांच्या कारखान्यात, टूलरूमच्या शेवटच्या टेबलावर धम्मरत्न ओव्हाळ जिगमध्ये आठ मिलिमीटरची पिन बसवतो आहे. वेल्डिंग करताना पत्र्याचा तुकडा जागेवर धरून ठेवणारा साचा म्हणजे जिग. या तुकड्याची दोन्ही टोकं जवळपास सारखी दिसतात, म्हणून कामगाराकडून तो कधीकधी उलटा ठेवला जातो. पिन बसली की उलटा तुकडा आत जाणारच नाही.

अशा सोयीला पोकायोके म्हणतात. शब्द जपानी, पण चाकणमध्ये तो शिफ्टइतकाच रुळला आहे. चूक करायची म्हटली तरी करता येऊ नये, एवढाच त्याचा अर्थ. नऊ वर्षांत धम्मरत्नने अशा एकतीस सोयी केल्या. शेजारच्या टेबलावरचा जयदीप त्याला विचारतो, "राव, एवढ्या चुका तुला सुचतात तरी कशा?"

"सुचत नाहीत, भावा. होतात."

यात विनय नाही. धम्मरत्न अडतीस वर्षांचा आहे. दहावीच्या भूगोलाच्या पेपरला तो एक दिवस उशिरा पोहोचला होता. गाडीची किल्ली तो गळ्यात दोरीने बांधतो. सांगितलेल्या तीन कामांपैकी पहिलं त्याच्या लक्षात राहतं.

त्याची मुलगी श्रद्धा तिसरीत आहे. तिच्या वहीत वाक्यं सुरू होतात आणि मध्येच थांबतात. वर्गात ती तासाला चार वेळा उठते. शाळेने तीन चिठ्ठ्या पाठवल्या, तेव्हा धम्मरत्न आणि त्याची बायको नेहा तिला चिंचवडच्या एका बालमानसोपचार तज्ज्ञ बाईंकडे घेऊन गेले. दोन भेटींनंतर बाईंनी एडीएचडी असं निदान सांगितलं. लक्ष टिकत नाही, शरीर स्वस्थ बसत नाही आणि दोन्हींवर मुलाचा ताबा नसतो. हे आईच्या नोकरीने होत नाही, लाडाने होत नाही, असं त्या नेहाकडे बघून म्हणाल्या. जुळ्या मुलांच्या अभ्यासांतून अनुवंशाचा वाटा सत्तर-ऐंशी टक्के दिसतो. पण त्याचं एकच जनुक नसतं. अनेक असतात, प्रत्येकाचा भार किरकोळ, आणि रक्त तपासून निदान होत नाही. म्हणून घराण्यात आणखी कुणाला असं होतं का, हे विचारावं लागतं. त्यांनी एक कागद दिला. त्यावर आई, वडील, आजी, आजोबा असे रकाने होते.

नेहाला हा कागद हवा होता. ती चाकणलाच एका वायरिंगच्या कंपनीत लाइन लीडर होती, तिच्या हाताखाली बावीस मुली. सासूबाई कुसुमताई वर्षभर एकच सांगत होत्या, आई दिवसभर बाहेर म्हणून पोर अशी झाली, नेहाने नोकरी सोडावी. कुसुमताई सदुसष्ट वर्षांच्या आहेत. शाळा सुटल्यापासून नेहा येईपर्यंत श्रद्धामागे त्याच धावत होत्या, आणि त्यांचे गुडघे खरोखरच दुखतात.

धम्मरत्न कागद भरायला बसला आणि आजोबांच्या रकान्यापाशी थांबला.

त्याचे वडील सोपानराव पिंपरीच्या एका कारखान्यात पत्रा दाबणाऱ्या प्रेसवर होते. १९९८ साली त्यांच्या डाव्या हाताची दोन बोटं प्रेसखाली गेली. कामगाराचं लक्ष नव्हतं, असं कंपनीचं म्हणणं होतं. युनियनने पाच वर्षं खटला लढवला. यंत्राला संरक्षक जाळी नव्हती, दोष मालकाचा, असा निकाल लागला. त्या निकालाची प्रत कुसुमताईंनी प्लास्टिकच्या पिशवीत घालून पेटीत ठेवली आहे. सोपानराव जाऊन आठ वर्षं झाली. पण हेच सोपानराव सायकल बाजारात विसरून चालत घरी यायचे. एकदा धम्मरत्नला शाळेत सोडून आले आणि परत आणायचं विसरले. हे किस्से कुसुमताईच रंगवून सांगायच्या. कागद घरात आल्यापासून त्यांनी एकही सांगितला नाही.

एका रविवारी जेवणं झाल्यावर धम्मरत्न आईला म्हणाला, "नेहामुळं नाही हे. माझ्याकडून आलंय. मी लहानपणी असाच होतो."

"आन तुला कुठनं आलं?"

त्याने कागद तिच्यापुढे सरकवला.

"कंपनीचा वकील ह्येच म्हणत व्हता," कुसुमताई म्हणाल्या. "कामगाराचं लक्ष न्हाई. पाच वर्सं म्हणत व्हता. आता तू लिहून दे, सही करून."

जाळी असती तर लक्ष नसतानाही बोटं राहिली असती, हे त्याने आईला समजावून सांगितलं. माणूस चुकणारच असं धरून यंत्र करायचं असतं, त्याचाच पगार मला मिळतो, म्हणाला. "दोन्ही खरं असू शकतं, आई."

"कोर्टात दोन्ही खरं नसतंय, धम्मा."

त्याने वडिलांच्या रकान्यात स्वतःबद्दल सात ओळी लिहिल्या. आजोबांच्या रकान्यात 'माहीत नाही' लिहिलं. कागद जमा झाला. बाई त्याला म्हणाल्या, मोठ्या माणसांचीही तपासणी होते, वेळ ठरवून घ्या. त्याने अजून घेतलेली नाही. त्याचं निदान कुणी केलेलं नाही. घरात मात्र ते झालं.

दोन दिवसांनी चहा घेताना कुसुमताईंनी त्यातून निष्कर्ष काढला. "बापाचं लक्ष न्हाई, पोरीचं न्हाई. माझ्यानं व्हत न्हाई. मग ज्याचं हाय त्यानं घरी बसावं."

नेहाचे भाजी चिरणारे हात थांबले नाहीत. "माझं लक्ष आहे म्हणूनच मी लाइन लीडर झाले, आई."

धम्मरत्नने मार्ग काढला. त्याने कायमची पहिली शिफ्ट मागून घेतली. साडेतीनला सुटून साडेचारला तो श्रद्धाला शाळेतून आणणार, तिच्यासोबत बसून अभ्यास घेणार. नेहाने एक महिना बघू म्हटलं. त्याने मोबाइलवर दोन गजर लावले.

दहाव्या दिवशी, एका बुधवारी, दोन्ही गजर वाजले. दोन्ही त्याने बंद केले, कारण तो निघालाच होता. वाटेत, घराजवळच चिखलीत, हार्डवेअरच्या दुकानात एक स्प्रिंग बघायला थांबला. दुकानदाराने तीन प्रकारच्या स्प्रिंगा दाखवल्या. श्रद्धा सव्वासहापर्यंत शाळेच्या वॉचमनजवळ बसून होती. शाळेचा फोन नेहाला गेला, ती लाइन सोडून रिक्षाने आली.

पूर्वी तो विसरला की घरात हसत. त्या संध्याकाळी कुणी हसलं नाही. त्याने लिहिलेल्या सात ओळी सगळ्यांनी वाचलेल्या होत्या. नेहाने दुसऱ्या दिवशी कंपनीत राजीनामा दिला. नोटिशीचा महिना तिने एकही रजा न घेता भरला. तो आज संपतो.

आठ वाजून पाच मिनिटांनी पिन बसते. धम्मरत्न तुकडा उलटा धरून आत ढकलून बघतो. जात नाही. जयदीप दुसरा साचा त्याच्यापुढे सरकवतो.

नेहाच्या कंपनीची बस उद्या सकाळी चिखलीच्या चौकात थांबणार नाही. त्या थांब्यावरून चढणारी नेहा एकटीच होती.