टपाल बोटीचा करार

संग्रहालयात काचेखाली टपाल बोटींचा जुना सरकारी करार पाहिला. बोट कंपनीला सरकार दरसाल भरभक्कम रक्कम देणार; उशीर झाला तर तासागणिक दंड. कुणाच्या तरी चार ओळी वेळेवर पोचाव्यात म्हणून केवढी ही धडपड!

माझा धाकटा भाऊ आफ्रिकेत होता. बोटीनं आलेली त्याची पत्रं पोस्टातून मीच आणायचो, आईला वाचून दाखवायचो. त्याचं नाव ऐकताच तिचा चेहरा उजळायचा. माझ्यासाठी तो तसा कधी उजळला नाही. आज सांगूनच टाकतो, अख्खा समुद्र ओलांडून आलेलं पत्र मी आठ-आठ दिवस खिशात दाबून ठेवायचो.

“बोटीलाच उशीर झाला असेल रे,” आई म्हणायची. “तू जेव आधी, दमून आलायस.”

आणि मी जेवायचो.