जिन्याखालच्या छत्तीस बाटल्या

जिन्याखालची ती जागा मला पहिल्यांदा दाखवली ती मेजरसाहेबांच्या आईंनी. एसटीतून उतरून, कर्जतच्या अलीकडच्या माळावरून अर्धा मैल चालत मी त्यांच्या नव्या घरी पोचले, तेव्हा मेजरसाहेब आणि त्यांच्या पत्नी कामासाठी नगरला गेले होते. आईंनी मला तांब्यातून पाणी दिलं. दुष्काळाचं वर्ष होतं, तांब्या अर्धाच भरलेला होता. मग हाताला धरून त्यांनी मला जिन्यापाशी नेलं.

"ही बग जागा. हितं म्हनं त्या बाटल्या ठिवायच्या. आन वर माझं देवघर हाय. म्हंजे मी रोज दारूवर पाय दिऊन देवाकडं जायाचं. तू शिकल्याली हायेस पोरी, तूच सांग, बरं दिसंल का हे?"

मी तेवीस वर्षांची होते. पुण्यात नकाशे काढायचा कोर्स केला होता आणि सहा महिने नगरच्या एका इंजिनिअरांच्या ऑफिसात बसून दुसऱ्यांनी आखलेली घरं ट्रेसिंग पेपरवर गिरवत होते. हे काम त्यांनी हसत हसत माझ्याकडे सरकवलं होतं. "जिन्याखालचं कपाट आहे, तुला जमेल." ते जमणार याबद्दल मला तिळभरही शंका नव्हती.

"आई, मी नुसती मापं घ्यायला आलेय," मी म्हणाले.

"मग घे की," असं म्हणून त्यांनी टेपचं दुसरं टोक धरलं, आणि शेवटचं माप होईपर्यंत सोडलं नाही.

संध्याकाळी दोघं परतली. मेजरसाहेब इथल्याच शेतकरी घरातले, लष्करातून निवृत्त होऊन माळावर घर बांधून राहिलेले. बाई मूळच्या गोव्याच्या, ख्रिस्ती. बाटल्या त्यांच्या होत्या. मेजरसाहेबांनी मी न विचारताच आधी दारू बाळगायचा परवाना काढून दाखवला. बाईंनी मला आतल्या खोलीत नेलं आणि पलंगाखालून एक लाकडी खोकं ओढलं. वाळक्या गवतात काळ्या बाटल्या निजवलेल्या होत्या. पोर्तुगालहून आलेली गोड, दाट वाइन.

"माझ्या वडिलांच्या ह्या," त्या म्हणाल्या. "ते गेल्यावर घराच्या वाटण्या झाल्या. दागिने कोणी घेतले ते मी विचारलंही नाही. ह्या बाटल्या त्यांनी तळघरात स्वतःच्या हातानं एकेक करून लावलेल्या होत्या, म्हणून मी एवढ्याच मागितल्या. त्यांच्या वाढदिवसाला मी एक उघडते. गेल्या उन्हाळ्यात बुचं वर आली, चार-पाच बाटल्या झिरपल्या, दोनांचं आंबट पाणी झालं. आता छत्तीस उरल्यात. हा उन्हाळा त्या काढतील असं मला वाटत नाही."

मेजरसाहेबांनी एक इंग्रजी मासिक पुढे केलं. त्यात कुणा इंग्रज साहेबाच्या घरातल्या जिन्याखालच्या खोलीचा फोटो होता. काचेचं दार, आत दिवे, लाकडी जाळीत बाटल्या. शेजारी लिहिलं होतं की तापमान पंचावन्न अंश फॅरनहाइट हवं. "असंच करायचं," ते म्हणाले. "गारव्यासाठी खिडकीला वाळ्याचा पडदा लावू आणि त्यावर दिवसातून चारदा पाणी मारू."

"पाणी नको," मी म्हणाले.

त्यांनी चमकून पाहिलं. आपण एवढ्या ठामपणे बोलू असं मलाही वाटलं नव्हतं. पण येताना वाटेत मी टँकरमागे धावणाऱ्या बायका पाहिल्या होत्या. त्या वर्षी वाइनच्या बाटल्या गार ठेवायला पडद्यावर पाणी शिंपडायचं, हे माझ्या हातून झालं नसतं. मी म्हणाले, "साहेब, पंचावन्न अंश कर्जतला कोणीच देऊ शकणार नाही. मी गार नाही देणार, एकसारखं देईन. दुपारी जेवढं, तेवढंच पहाटे. बाटल्या मरतात त्या चढउतारानं." हे मी त्याच मासिकात, त्यांनी न वाचलेल्या पानावर, दहा मिनिटांपूर्वी वाचलं होतं.

बाई हसल्या. "हिला करू दे," त्या म्हणाल्या.

मी आठवडाभर तिथेच राहिले. जिन्याखाली तीन ठिकाणी थर्मामीटर टांगून सकाळ, दुपार, संध्याकाळ आकडे टिपले. दोष कुठे आहे ते तिसऱ्या दिवशीच कळलं. मागची भिंत पश्चिमेची होती. दुपारपासून ती ऊन पीत राहायची आणि दिवस मावळल्यावर आत ओकायची.

काम करायला जे मिस्त्री आले, त्यांचा जन्म विहिरी बांधण्यात गेला होता. आता विहिरी कोरड्या पडल्या होत्या आणि ते दुष्काळी कामावर खडी फोडत होते. माझा नकाशा त्यांनी उभा धरला, आडवा धरला, मग खाली ठेवला.

"गावाला प्यायाला पानी न्हाई आन आपन दारूला खोली बांदायची व्हय, ताई?"

"खडी फोडण्यापेक्षा बरं नाही का?"

"त्ये बी खरंच म्हना." ते उकिडवे बसले आणि त्यांनी जमिनीवर हात ठेवला. "गार पायजे आसंल तर वर काय शोदता? खाली जावा. इहिरीच्या पायऱ्या उतरताना तिसऱ्या पायरीला आंगावर काटा येतो का न्हाई?"

खाली खणणं माझ्या नकाशात होतंच, पण फूटभर. मिस्त्रींच्या सांगण्यावरून मी ते तीन फूट केलं. जिन्याच्या पायापासून हातभर जागा सोडून खणलं. दोन फुटांवर कडक मुरूम लागला, तिसऱ्यावर खडक. आत उतरायला तीन पायऱ्या. पश्चिमेच्या भिंतीला आतून विटांची दुसरी भिंत, दोन्हींमध्ये वीतभर पोकळी. काचेचं दार नाही, जाड सागवानी फळीचं. उत्तरेच्या बोळात उघडणारे दोन झरोके, एक जमिनीलगत आणि एक छताजवळ. ते दिवस मावळल्यावर उघडायचे आणि उजाडायच्या आत लावायचे. बाटल्या ठेवायला लाकूड नको, कारण माळावर वाळवी फार. कुंभाराकडे सांडपाण्याचे मातीचे नळ पडून होते. ते आडवे रचून मातीत बसवले की एका नळात एक बाटली निजते. नळ विकत घेणारं गिऱ्हाईक त्या कुंभाराला वर्षभरात भेटलं नव्हतं. नळ कशाला हवेत हे त्यानं दोनदा विचारलं आणि दोन्ही वेळा आईंनी त्याला "लोनच्याला" म्हणून सांगितलं.

राहिली ती पोकळी. तिथे मी चुकले.

माझे वडील देवळाली प्रवरेकडे साखर कारखान्यात नोकरीला होते. कारखान्याच्या आवारात उसाच्या चिपाडाचे डोंगर असतात. हलकं, कोरडं, फुकट. ऊन अडवायला यापेक्षा चांगलं काय, असं मला वाटलं. वडिलांनी रिकाम्या परतणाऱ्या ट्रकमधून पंधरा पोती पाठवली.

मिस्त्रींनी मूठभर चिपाड हुंगलं. "ताई, ह्ये गोड हाय आजून. ह्याला भितीत घालू नगा."

"वाळलंय ते, मिस्त्री."

"वाळलंय, पन गोड हाय."

मी ऐकलं नाही. नकाशा माझा होता. आम्ही चिपाड ठासून भरलं, वरून भिंत बंद केली आणि मी नगरला परत गेले.

पंधरा दिवसांनी पाहणीला आले, तर आई दारातच उभ्या होत्या. त्यांनी मला तशीच खाली नेलं. विटांच्या सांध्यांतून मुंग्यांच्या रांगा लागल्या होत्या. बांधकामाची ओल चिपाडाला लागली होती आणि खोलीत आंबूस, उग्र वास भरून राहिला होता.

"पोरी," आई म्हणाल्या, "बाटल्या यायच्या आदीच तुजी दारू भितीत पिकली की गं."

माझे कान तापले. मग हसू आलं, आणि त्याही तोंडाला पदर लावून हसल्या. त्या घरात आम्ही दोघी मिळून हसलो ती पहिली वेळ. मी वर जाऊन मेजरसाहेबांना आणि बाईंना सरळ सांगितलं की ही माझी चूक आहे, मिस्त्रींनी मला बजावलं होतं, आणि भिंत मी पुन्हा उघडून घेणार आहे. मेजरसाहेबांनी एवढंच विचारलं, "आता काय भरणार?"

"ते मिस्त्री सांगतील."

मिस्त्रींनी वीटभट्टीची राख सांगितली. कोरडी, चाळलेली. तिला मुंगी शिवत नाही, वाळवी लागत नाही. "आन तिच्यात गोड काय न्हाई," ते माझ्याकडे न बघता म्हणाले. आतल्या भिंतीचे वरचे थर काढून सगळं चिपाड उपसलं, पोकळी आठ दिवस उघडी ठेवून वाळवली आणि राख भरली. त्या आठ दिवसांत मी तिथून हलले नाही. उपसायला मीही पदर खोचून उतरले.

मे महिन्यात बाहेर सावलीत पारा एकशे सहावर गेला, त्या दुपारी खोलीत ऐंशी होतं. पहाटे पाहिलं तर एकोणऐंशी. बाईंनी स्वतः एकेक बाटली पुसून नळात सरकवली. मी मोजत होते, त्या मोजत नव्हत्या.

आई मात्र त्या दाराकडे फिरकत नव्हत्या. देवघर खाली पूर्वेच्या खोलीत आणून द्यायची तयारी मी दाखवली होती, त्यावर त्यांनी "बाटल्यांपायी देव हलायचे न्हाईत" असं सांगून विषय मिटवला होता. आता जिना चढताना त्या पहिल्या पायरीवर थांबत, पुटपुटत आणि मग चढत. झरोक्यांचं काम बाईंकडे होतं. त्यांना पहाटे जाग येत नसे, आणि झरोका उघडा राहिला की दुपारी पारा तीन-चार अंश चढलेला असायचा.

जूनमध्ये बाईंच्या वडिलांचा वाढदिवस आला. त्यांनी मला मुद्दाम बोलावलं होतं. बाटली उघडली, चार लहान पेल्यांत ओतली आणि एक पेला वडिलांच्या फोटोपुढे ठेवला. मेजरसाहेबांनी घोट घेतला आणि मान डोलावली. बाईंनी घेतला आणि त्यांचे डोळे भरून आले. वाइन शाबूत होती. मीही घेतला. मला ती औषधासारखी लागली, पण ते बोलायची ती वेळ नव्हती.

आई उंबऱ्यात उभ्या होत्या. त्यांनी विचारलं, "सूनबाई, तुमच्यात सराद घालत्यात का गं बापाचं?"

"नाही आई. मी हेच करते."

आईंनी फोटोपुढच्या पेल्याकडे पाहिलं. मग खोलीत येऊन त्या सुनेच्या शेजारी सतरंजीवर बसल्या. प्यायला काही घेतलं नाही, कोणी आग्रहही केला नाही.

दुसऱ्या दिवशी मी पहाटे उठून खाली आले, तर बोळात आई होत्या. दोन्ही झरोके लावून झाले होते.

"मी उठतेच की देवपूजेला," त्या म्हणाल्या. "जाता जाता लावती. हिला न्हाई जमायचं त्ये." मग त्यांनी खोलीला कुलूप घातलं आणि किल्ली कनवटीला खोचली. पुढे मेजरसाहेबांचे लष्करातले मित्र आले आणि त्यांना एक बाटली दाखवायची होती, तेव्हा आईंनी किल्ली दिली नाही, हे बाईंनी मला पत्रात कळवलं. "बिचारे चहा पिऊन गेले," असं पुढे लिहिलं होतं.

पुढच्या हिवाळ्यात मिस्त्री नगरला ऑफिसात मला शोधत आले. कर्जतच्या एका शेतकऱ्याला कांद्याचं बी ठेवायला खोली हवी होती. उन्हाळ्याच्या उष्म्यानं खराब होऊन त्याचं बी दोन वर्षं उगवलंच नव्हतं. "म्या सांगितलं, नगरात एक ताई हाय, तिच्याकडून काडून घ्या नकाशा," मिस्त्री म्हणाले. "चुकती, पन दुरुस्त करती."

मी इंजिनिअरांना विचारायला उठले नाही. तिथल्या तिथे कोरा कागद ओढला आणि मिस्त्रींना पहिला प्रश्न विचारला, खोलीची कोणती भिंत पश्चिमेला आहे. नकाशा पुरा व्हायला चार दिवस लागले. खालच्या कोपऱ्यात, जिथे तोवर इंजिनिअरांचं नाव असायचं, तिथे मी माझं नाव घातलं.