लीजची गाडी आणि मागची रिक्षा

माझी एखादी वस्तू जुनी झाली, खिळखिळी झाली, की ती टाकून न देता महिनाभर आमच्या साडूंना उसनी द्यावी, असं मला नेहमी वाटतं. दुसऱ्याची वस्तू जपण्यात अख्ख्या पालघर जिल्ह्यात त्यांचा हात धरणारा माणूस नाही. एकदा त्यांनी माझ्याकडून शिडी नेली. चार दिवसांनी ती परत आली ती रंगवून, आणि वरच्या पायरीला चिकूंची पिशवी बांधलेली. शेजाऱ्याचं भांडं रिकामं परत करू नये हा आपल्याकडचा रिवाज. साडूंनी तो शिडीलाही लागू केला. स्वतःच्या वस्तूंचं मात्र विचारू नका. त्यांच्या चष्म्याची एक दांडी गेली तीन वर्षं दोऱ्याच्या भरवशावर आहे.

असा हा माणूस बोईसरच्या एका केमिकल कारखान्यात मेंटेनन्स मॅनेजर झाला आणि कंपनीनं त्यांना गाडी दिली. तीही कंपनीची स्वतःची नव्हे, पाच वर्षांच्या लीजवर घेतलेली, म्हणजे साडूंच्या लेखी दुप्पट परकी. सीटवरचं प्लास्टिक त्यांनी पाच वर्षं काढलं नाही. आत चप्पल काढून बसायचं, शेंगदाणे खायचे नाहीत, खिडकीला डोकं टेकून झोपायचं नाही, कारण काचेला तेल लागतं. मे महिन्यात त्या प्लास्टिकवरून उठताना आमची ही एकदा चक्क किंचाळली होती. याच गाडीनं साडूंनी वापी, सिल्वासा, अंकलेश्वर पालथं घातलं. काटा एक लाख ऐंशी हजार किलोमीटरच्या पुढे गेला, तरी गाडीतला नवेपणाचा वास काही गेला नाही.

आणि मासे तर त्या गाडीत वर्ज्यच. आता अडचण अशी, की सरावलीला साडूंच्या घरी रविवारी सातपाटीचेच मासे लागतात. ताई म्हणजे आमच्या हिची थोरली बहीण. बाजारातल्या पापलेटाला त्या पापलेट मानत नाहीत. तेव्हा तोडगा निघाला तो असा. सकाळी दोघं गाडीनं सातपाटीला जायचे, ताई घासाघीस करून मासे घ्यायच्या, आणि परतताना साडू पुढे गाडीत एकटे, ताई मागून रिक्षात, मांडीवर टोपली घेऊन. पालघरला आमच्या दारावरून ही मिरवणूक जायची. साडू गाडी रिक्षाच्या चालीनं हाकत, मान जरा वर आणि डोळे आरशात. मी त्यांना चिडवायचो, की नवरदेव पुढे आणि वरात मागे. ताईही हसायच्या. पण अलीकडे त्यांचे गुडघे दुखायला लागले होते, आणि त्या रस्त्यावर रिक्षा खड्डे चुकवत नाही, मोजते. त्या गाडीत आपल्याला मासे घेऊन बसता यावं, एवढंच ताईंना हवं होतं. पण मागणार कुणाकडे? वस्तू दुसऱ्याची.

मग लीज संपत आल्याचं पत्र आलं. ठरलेल्या किमतीला गाडी विकत घ्या नाहीतर परत करा, महिन्याभरात कळवा. साडूंची निवृत्ती वर्षावर आलेली. परत करावी तर पुढे गाडी होणं कठीण, आणि घ्यावी तर एवढी पळालेली गाडी उद्या गळ्यात पडायची. साडूंची झोपच उडाली. भेटेल त्याला ते विचारू लागले. दंतवैद्यांना तर दाढ काढून घेताना, तोंडात कापूस असताना, कागदावर लिहून विचारलं. ते म्हणाले, हात जोडा आणि सोडून द्या. कारखान्याचा वॉचमन म्हणाला, "साहब, पाँच साल आपने ही तो चलाई है. आपसे ज़्यादा कौन जानेगा?" इतकं शहाणपणाचं बोलणं साडूंनी बाद केलं, का तर तो आपल्या बाजूचा माणूस.

एक दिवस ते ताईंना घेऊन आमच्याकडे आले आणि पत्र माझ्यापुढे धरलं. मी वाचून सांगितलं, की किंमत गाडी आली त्याच दिवशी ठरलेली होती.

"म्हणजे मी जपली नसती, तरी एवढीच?" साडूंनी विचारलं.

ताईंना चहाचा ठसका लागला. साडू मात्र एवढेसे झाले. पाच वर्षांनी कुणीतरी पाठीवर थाप मारील, अशी त्यांना आशा होती. मला हसू आलं आणि वाईटही वाटलं.

मुदतीच्या आधीच्या रविवारी ते गाडी सातपाटीच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीकडे घेऊन गेले. हा बोटींची इंजिनं दुरुस्त करणारा. मीही सोबत होतो. त्यानं इंजिन चालू ठेवायला सांगितलं, लाकडी दांडक्याचं एक टोक त्याला टेकवलं, दुसरं कानाला लावलं आणि डोळे मिटले. साडूंनीही मिटले. बराच वेळ ऐकून तो म्हणाला, "इंजिनाला कायपन झाला नाय." मग दार उघडून त्यानं प्लास्टिकवरून हात फिरवला. "पन हिच्यात कोन बसलंय असा वाटत नाय, शेट. तुमी हिला वापरली कवा?"

तेवढ्यात ताई मासे घेऊन आल्या आणि सवयीनं रिक्षाकडे वळल्या. मिस्त्रीनं त्यांच्याकडे बोट केलं. "त्यांना इचारला काय?"

महिनाभरात दंतवैद्यांपर्यंत सगळ्यांना विचारून झालं होतं, ताईंना नाही. साडूंनी तिथंच, चारचौघांत, विचारलं. ताईंनी टोपली खाली ठेवली.

"पाच वर्षं मी या गाडीत पाहुणी म्हणून बसले. एकदा घरच्यासारखं बसू द्या. मग उद्या बंद पडली तरी चालेल, रिक्षाची मला सवय आहे."

दुसऱ्याच दिवशी साडूंनी गाडी घेत असल्याचं कळवलं. त्या रविवारी मात्र ताई रिक्षानंच परत आल्या, कारण गाडी अजून दुसऱ्याची होती.

कागद नावावर झाल्यावर साडूंनी प्लास्टिक स्वतःच्या हातानं काढलं, आणि घडी करून माळ्यावर ठेवलं. पुढच्या रविवारी मला मुद्दाम बरोबर नेलं. परतताना ताई पुढे बसल्या, मांडीवर टोपली, तिच्यातून पाणी खाली ठिबकतंय. एक लाख ऐंशी हजार किलोमीटर टिकलेला नवा वास त्या एका फेरीत संपला. रस्ता मोकळा होता, तरी गाडी रिक्षाच्याच चालीनं चालली होती आणि मागचे हॉर्न वाजवून वैतागले होते. प्रत्येक वळणावर साडूंची मान वर व्हायची, डोळे आरशात जायचे.

"अहो, मी इथे आहे," ताई हळूच म्हणाल्या.

मी मागच्या सीटवर होतो. इतकी वर्षं ज्या मान वर करण्याला मी हसत होतो, ते काय होतं हे तेव्हा कळलं. एवढ्या वर्षांत या माणसानं मागची रिक्षा एकदाही नजरेआड होऊ दिली नव्हती.

अजूनही रविवारी त्यांची नजर आरशात जाते. ताई आता बोलत नाहीत, गिअरवरच्या त्यांच्या हातावर नुसता हात ठेवतात. त्या हाताला मासळीचा वास असतो, आणि साडू घरी आल्यावर गिअर पुसत नाहीत.