एक जोडी

आदिवासी स्त्री-पुरुषांच्या कामातील तफावत मोजण्यासाठी एक सर्वेक्षक वीटभट्टीवर आला होता. "या झोपडीतले किती जण कामावर?" त्याने मुकादमाला विचारले.

"एक जोडी."

भट्टीवर नवरा-बायकोला मिळून एकच मजूर धरतात. सर्वेक्षकाने नवऱ्याला मजूर म्हणून नोंदवले आणि बायकोपुढे 'घरकाम' लिहिले. कोपरापर्यंत चिखलाने माखलेल्या त्या कातकरी बाईने विटांचा साचा खाली ठेवला.

"दादा, जोडीतली एकच चप्पल घालून आलास का रं? माझं बी काम लिव."

"ताई, जोडी म्हणजे एकच मजूर, आणि मजुराची ओळ एकच आहे."

उद्या अहवालात येईल की कातकरी स्त्रिया कामाला बाहेर पडत नाहीत. त्यातली बेरीज अचूक असेल, आणि संताप येतो तो त्याचाच.