चार मिनिटं दिव्याखाली

जयू फडणीस एक्कावन्नाव्या वर्षी नखं रंगवायला शिकली, तेव्हा फ्रीगंजातल्या त्या गल्लीने आपापल्या आवाजात मत दिलं. समोरच्या शैलाताई नाकातून बोलल्या, "नखं? आत्ता? अगं, मेंदी तरी शिकायचीस." दूधवाले बापू सायकलवरून न उतरताच म्हणाले, "अच्छा है दीदी, मन लगा रहेगा." इंदूरला पंधरा दिवसांचा क्लास घेणाऱ्या मॅडमने तर पहिल्याच दिवशी विचारलं, "आंटी, आप बेटी को छोड़ने आई हैं?"

जयूला बेटी नव्हती. नवराही नव्हता. होते ते भय्यासाहेब, तिचे वडील. शेवटची नऊ वर्षं ते अंथरुणाला होते आणि दर दुसऱ्या रविवारी जयू त्यांची नखं कापायची. ते गेले, रविवार उरले. कुणाचा तरी हात हातात घेऊन खाली मान घालून बसायची तिला सवय लागली होती. ती कुठेतरी लावायला हवी होती, एवढंच.

बाहेरच्या खोलीत टेबल मांडलं, भैरवगढच्या छाप्याची चादर कापून हात टेकवायच्या छोट्या गादीला खोळ शिवली आणि क्लासमधूनच घेतलेला दिवा ठेवला. पांढरा, पावाच्या डब्याएवढा, आत चार निळ्या ट्यूब. नखांना लावायचं जेल वाऱ्यावर वाळत नाही, त्या उजेडातच पक्कं होतं. एका थराला, एका हाताला दोन मिनिटं. तीन थर, दोन हात. म्हणजे बारा मिनिटं समोरच्या बाईला मोबाइलला हात लावता येत नसे. मग बाई काय करणार? बोलणार. जयूला हे क्लासमध्ये कुणी शिकवलं नव्हतं. पहिल्याच गिऱ्हाइकाला तिचं तिला कळलं आणि त्या दिवशी ती स्वयंपाक करताना गुणगुणत होती.

बाकीच्या बाया लग्नाकार्यापुरत्या येत. निहारिका मात्र दर तिसऱ्या शनिवारी, चारच्या ठोक्याला. नागपूरची, बँकेतल्या बदलीवर आलेली, एकटी राहणारी. दारातूनच ओरडायची, "काय करून राहिले मावशी?" आणि जयू मुद्दाम तिच्याच सुरात, "तुझीच वाट पाहून राहिली." हात दिव्याखाली गेला की निहारिका आपल्या मॅनेजरची नक्कल करी. मॅनेजर प्रत्येक वाक्याआधी घसा खाकरत. "अँहँ. मॅडम, आप ऐसा कीजिए. अँहँ. आप कुछ मत कीजिए." जयू ब्रश खाली ठेवून हसायची. मग पुढचे वीस दिवस भाजी चिरताना मधूनच "अँहँ" म्हणायची आणि घरात कुणी नाही हे बघून पुन्हा म्हणायची.

चैत्र लागताच टावर चौकातल्या सौरभने नवं जेल दाखवलं. हा सौंदर्यप्रसाधनांचा ठोक दुकानदार, पान गालात ठेवून बोलणारा. रंग फार सुंदर होता, आतून फिकट गुलाबी. पण बाटली देताना तो म्हणाला, "दीदी, ये एलईडी वाला है. तुम्हारी वो ट्यूब वाली पेटी में ऊपर-ऊपर पकेगा, अंदर कच्चा रहेगा. इसका लैंप अलग आता है, साठ सेकंड में काम खत्म."

"साठ सेकंदात?" जयू म्हणाली. "मग मी माझ्याच दिव्यात चार मिनिटं ठेवीन."

"दीदी, टाइम की बात नहीं है. रोशनी की बात है."

"असू दे रे. डाळ शिजली नाही तर आपण एक शिटी जास्त देतो की नाही?"

सौरभने पान दुसऱ्या गालात सरकवलं आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे बघितलं.

तर जयूने चार मिनिटं दिली. तीन थर, दोन हात: चोवीस मिनिटं. निहारिकेने त्या शनिवारी नुसता मॅनेजरच सांगितला असं नाही, आईशी झालेलं भांडणही सांगितलं आणि नागपूरच्या एका मुलाचं नाव सांगता सांगता गिळलं. जाताना म्हणाली, "आज किती बोलली ना मी."

दुसऱ्याच दिवशी शैलाताईंकडे चैत्रगौरीचं हळदीकुंकू. जयूने निहारिकेलाही नेलं. शैलाताईंनी लगेच पोरीच्या हातात हळदीकुंकवाचा करंडा दिला, कारण त्यांचा गुडघा वाकत नव्हता आणि पोरीचा वाकत होता. तिने चाळीस बायकांना बोटं लावली. डाळ-पन्हं झालं, हात धुतले, तरी तिच्या उजव्या हाताची नखं पिवळीजर्द. साबण लावला, लिंबू लावलं. हळद जाईना.

"बघा बाई," शैलाताई नाकातून म्हणाल्या, "घरच्यांनी नाही केले, आम्हीच करून दिले पोरीचे हात पिवळे."

सगळ्या हसल्या. निहारिकाही हसली. हसता हसता तिने अंगठ्याची कड गालावर घासली, मग साडीवर घासली.

"खाजतंय?" जयूने विचारलं.

"थोडंसं. घरी नवा साबण आणला, बेकार आहे हो."

जयूने हातातलं पन्हं खाली ठेवलं. पक्क्या झालेल्या जेलवर हळद बसत नाही. तिच्या स्वतःच्या नखांवर जुनं जेल होतं, ती रोज हळद हाताळायची आणि धुतलं की नखं काचेसारखी. पिवळं तेच होतं, जे अजून कच्चं होतं.

तिने निहारिकेला घरी आणलं, हातमोजे घातले आणि लाकडी काडीने एका नखाची कड उचलली. वर पापुद्रा कडक. खाली न लागलेल्या दह्यासारखं, काडीला चिकटून आलं. नखाच्या कडेची कातडी लाल झाली होती, बारीक पुरळ होतं. दहाही नखं तिने हळूहळू उतरवली.

साबणावर टाकता आलं असतं. पोरीने साबणाचं नाव स्वतःहून पुढे केलं होतं. साबण म्हटलं तर तिसऱ्या शनिवारी ती येणार होती.

"साबण नाही गं," जयू म्हणाली. "माझा दिवा. ह्या जेलला तो चालत नाही."

"अच्छा." निहारिकेने बोटं उघडमीट केली. "तुम्हाला माहीत होतं का, मावशी?"

"सौरभ बोलला होता."

"मग?"

मग काय, ते जयूच्या तोंडाशी आलं होतं. चार मिनिटं तू बसशील म्हणून. ते काही बाहेर पडलं नाही. ती म्हणाली, "मला वाटलं, जास्त वेळ ठेवलं की होईल. उद्याच कातडीच्या डॉक्टरला दाखव. मी येते सोबत."

"जाईन मी," निहारिका म्हणाली. त्या वाक्यात नागपूर कुठेच नव्हतं.

बुधवारी फोन आला. ॲलर्जी. आता कुठलंच जेल लावायचं नाही, कधीच. निहारिका चिडलेली नव्हती, ते जास्त अवघड होतं. "बाकी बरं आहे मावशी. येईन कधीतरी." जयूचा कान तिखट होता. 'कधीतरी' कसं म्हटलं की माणूस येतं आणि कसं म्हटलं की येत नाही, हे तिला भय्यासाहेबांच्या आजारपणात भेटायला येणाऱ्यांनी शिकवलं होतं.

तिने फोन ठेवायच्या आत म्हणायचं ठरवलं, नुसतीच ये, पोहे करते. पण नखांशिवाय कुणाला घरी कसं बोलवायचं, त्याची सुरुवात कुठल्या शब्दाने होते, तेच आठवेना. "काळजी घे," ती म्हणाली.

सौरभकडून तिने त्या जेलचा दिवा आणला. त्याने पान चघळत पैसे मोजून घेतले. जुन्या पेटीच्या ट्यूब काढून ठेवल्या. तीन दिवस स्वतःच्या नखांवर शिकली: थर पातळ, कातडीला थेंबही लागू द्यायचा नाही, अंगठे वेगळे, कारण चार बोटांबरोबर ठेवले तर ते कलतात आणि उजेड अर्ध्यावरच पडतो. मग चमचाभर हळद ओली करून नखांवर चोळली, धुतली. नखं स्वच्छ. बोटं तेवढी पिवळी राहिली.

तिसरा शनिवार आला. तिने खोळ बदलली. पोहेही भिजवले. चारला फाटक वाजलं आणि ती दाराकडे जवळजवळ धावली.

कॉलेजातली एक मुलगी होती. मुक्ता. एका कानात इअरफोनचं बटण, दुसरं गळ्यात लोंबतंय. "आंटी, जेल करता ना तुम्ही? जल्दी आहे थोडी."

जयूने तिचा हात हातात घेतला. पातळ थर, मग चार बोटं, मग अंगठा. दिवा लागला, साठ सेकंदांनी आपोआप विझला. मुक्ताने दुसरं बटणही कानात घातलेलं होतं. तीन थर झाले. जयूने नखावर काडी घासून बघितली. टणक.

मुलीने बटण काढलं. "बस? झालं पण?"

"झालं," जयू म्हणाली. "बरोबर दिवा असला की एवढंच लागतं."

"भारी," मुक्ता म्हणाली आणि उठली.

"पोहे खाशील?" जयूने विचारलं. शब्द मिळाला होता, माणूस चुकलं होतं.

"नको आंटी, थँक्यू." फाटक वाजलं. जयूने घड्याळाकडे बघितलं, मग फोन उचलला आणि निहारिकेचं नाव काढून बराच वेळ धरून बसली. शेवटी लावला. घंटी वाजत होती. तेवढ्यात तिने हलकेच घसा खाकरून बघितला, अँहँ.