कारल्याच्या वेलाला घोड्याची लीद

सासरे गेले त्या वर्षी आमच्या परसातली मातीही कामातून गेली. शेजारच्या प्लॉटवर इमारत उठली आणि तिचं सिमेंट, विटांचा चुरा, रेती सगळं कुंपण ओलांडून आमच्याकडे आलं. चेन्नईत, अण्णा नगरात घरामागे एवढी तरी जागा उरलीय हेच नशीब, असं येणारेजाणारे म्हणायचे. त्या नशिबात कुदळ मारली की ठण्ण आवाज यायचा.

वर्षश्राद्धाला काही महिने उरले होते आणि सासूबाईंनी एकच गोष्ट मनात धरली होती. श्राद्धाच्या पानात कारलं वाढायचं ते सासऱ्यांच्या वाफ्यातलं. आमच्याकडे श्राद्धाला बटाटा, टोमॅटो, कोबी काही चालत नाही, कारल्याला मात्र फार मान. सासरे त्यांच्या वडिलांच्या श्राद्धाला दरवर्षी घरचंच कारलं लावत. आता त्यांच्याच श्राद्धाला बाजारचं आणायचं, हे सासूबाईंना काही केल्या पटेना. त्यांनी जपून ठेवलेलं बी पेरलं. रोपं वीतभर वाढली आणि तिथेच थांबली. पानं पिवळट, तणाव्यांना दोरी धरायला जोर नाही. सासूबाई रोज सकाळी रोपांपुढे जाऊन उभ्या राहत आणि तशाच आत येत. मला ते बघवेना.

खत हवं होतं हे उघड होतं. पूर्वी गल्लीच्या टोकाला एक गवळी होता, सासरे त्याच्याकडून शेण आणत. त्याने गाई विकल्या, गोठ्याच्या जागी आता मोटारी धुतात. दुकानातलं पोत्यातलं खत सासूबाईंना नको होतं. ते कशाचं करतात कोण जाणे, असं त्यांचं म्हणणं.

एकदा मरीनाच्या समुद्रकिनाऱ्यावर फिरायला गेले असताना मला उत्तर सापडलं. तिथे वाळूवर मुलांना फिरवणारे घोडे असतात. दुपारी ते मागच्या एका गल्लीत बांधलेले होते आणि भिंतीशी लिदीचा हा एवढा ढीग. मी कोल्हापूरकडची. माझ्या माहेरी लिदीला कुणी नाक मुरडत नाही, वांगी काय यायची त्यावर. घोडेवाल्याला मोडक्यातोडक्या तमिळमध्ये विचारलं. तो म्हणाला, न्या, सगळी न्या, वर पोतीही देतो.

रिक्षावाल्याने मात्र पोती बघून हात जोडले. मी त्याला सांगितलं, "उरम, उरम. तोट्टत्तुक्कु." बागेसाठी खत आहे म्हटल्यावर त्याने जरा विचार केला आणि पोती पायाशी ठेवू दिली. वाटेत त्याने स्वतःच्या गावाकडच्या भेंडीच्या हकिगती ऐकवल्या आणि नाकाला रुमाल लावला तो घर येईपर्यंत काढला नाही.

सासूबाई दाराच्या आतच उभ्या होत्या. सासर तंजावरकडचं, पिढ्यान्‌पिढ्या तमिळ मुलखात राहिलेलं. सासूबाईंची मराठी जुन्या वळणाची, मधे मधे तमिळ पेरलेली.

"हें काय मा?"

"घोड्याची लीद, अम्मा. वेलाला घालायला."

त्या पोत्याकडे बघत राहिल्या. "गाईचं शेण वेगळं. घोड्याचं कसं चालेल? श्राद्धाचं आहे नव्हे?"

मी जरा तडकले. म्हटलं, गाय गवत खाते, घोडाही गवतच खातो, वर हुलगे खातो. फार तर आपल्या भटजींना विचारू.

"विचारूं नको," त्या पटकन म्हणाल्या. "विचारलं तर नको म्हणतील. मग कशास विचारायचं?"

मला हसू आलं आणि त्यांची दयाही आली. आयुष्यभर भटजींना विचारल्याशिवाय हळदीकुंकवाचा दिवसही न ठरवणारी बाई ही.

लीद जुनी होती, बऱ्यापैकी मुरलेली. कठीण माती खणून ती कालवली, रोपांच्या आळ्यांतून पसरली. आठवडाभरात वाफ्यात कोंभ उठले. मी नाचायचीच बाकी होते. जवळ जाऊन पाहिलं तर हुलगे. घोड्याच्या पोटातून न पचता आलेले दाणे तरारून उगवले होते. कारल्याची पानं मात्र कडेने जळत चालली होती. रोज थोडी जास्त. एक रोप मेलं, मग दुसरं. मला वाटलं लीद अजून गरम असेल, माझीच घाई नडली.

एका सकाळी लवकर जाग आली. परसात गेले तर सासूबाई वेलाशी वाकलेल्या, हातात बाटली. पूजेच्या दुकानात मिळते ती गोमूत्राची. बाटली उपडी करून त्या आळ्यात ओतत होत्या, पाण्याचा थेंब न घालता.

"अम्मा, हे रोज घालता?"

त्या दचकल्या. "शुद्ध नको करायला? घोड्याचं ते. त्यांच्या पानांत जायचं."

मी कपाळावर हात मारला. इतकं कडक मूत्र रोज मुळाशी ओतल्यावर वेल जगणार कसा? जीभ शिवशिवत होती. पण त्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि गप्प बसले. नवऱ्याच्या पानात काही अशुद्ध जाऊ नये एवढ्यासाठी ही बाई अंधारात उठून धडपडत होती. तिला काय बोलणार?

म्हटलं, "वेलाला नका घालू. पोत्यात लीद उरलीय ना, तिच्यावर शिंपडा. ती शुद्ध झाली की मग आपण ती वेलाला घालू."

त्यांनी विचार केला. "सेरि," म्हणाल्या. "तें बरोबर."

त्या दिवसापासून पोत्याचं शुद्धीकरण आणि वेलाला नुसतं पाणी. जळलेली रोपं गेलीच, एक तेवढं तगलं. त्या एकाने मात्र लीद मानवल्यासारखी उचल खाल्ली. दोरीवर चढलं, काळीभोर पानं आली, पिवळी फुलं आली. पहिलं कारलं बोटाएवढं दिसलं तेव्हा सासूबाईंनी मला हात धरून नेऊन दाखवलं. श्राद्धाच्या दिवशी वेलावर तीन-चारच कारली होती. त्यांनी ती स्वतः तोडली, चिरली, मिरं घालून भाजी केली. भाजी पातेल्याच्या तळाशी बसेल एवढीच. ब्राह्मणांना वाढून चमचाभर उरली. आपण ती शेवटी प्रसाद म्हणून चाखणार, असं त्या मला दोनदा म्हणाल्या होत्या.

श्राद्धाचं जेवण मुकाट्याने जेवायचं असतं. ब्राह्मणांनी चव कशी झाली म्हणायचं नाही, काही मागायचं नाही. नवरा हात जोडून समोर बसला होता, मी वाढत होते, सासूबाई स्वयंपाकघराच्या दाराआड उभ्या होत्या. सासऱ्यांच्या जागी बसलेले ब्राह्मण बरेच म्हातारे होते. त्यांनी कारलं संपवलं आणि केळीच्या पानावर त्या रिकाम्या जागी बोटाने हळूच टकटक केलं.

मी आत आले तर सासूबाईंनी पातेलं उचललेलं होतं.

"ते होते तेव्हां तसेंच मागत," त्या म्हणाल्या. "तोंडाने कधी मागितलं नाही."

मी हात पुढे केला, पण त्यांनी पातेलं दिलं नाही. सासरे गेल्यापासून परक्यांसमोर न आलेल्या सासूबाई स्वतः बाहेर गेल्या आणि पातेलं खरवडून सगळी भाजी त्या पानावर वाढली. पातेल्यात काही म्हणजे काही उरलं नव्हतं. त्या तरीही तिथेच वाकून उभ्या राहिल्या आणि त्यांनी विचारलं, "आणखी वाढूं?"