माझ्या हातून न उमटणारी ओळ

आधीच सांगतो, असल्या गोष्टींवर माझा काडीचाही विश्वास नव्हता. आम्ही वाईचे, वडील पौरोहित्य करतात. घर लाभत नाही, कुणीतरी दिसतं, म्हणून शांत करून घ्यायला माणसं आमच्याच ओट्यावर येऊन बसतात आणि मी आतल्या खोलीत हसत असायचो. आता हसू येत नाही...

मी खंडाळ्याजवळच्या एका कारखान्यात सीएनसी, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या, लेथचे प्रोग्राम करतो. ज्यांना यातलं माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. कॉम्प्युटरवर जॉबचं, म्हणजे कापून घडवायच्या धातूच्या तुकड्याचं, चित्र काढायचं, 'पोस्ट'चं बटण दाबायचं, की मशीनला कळतील अशा ओळी तयार होतात. त्यात एक ओळ वेगमर्यादेची असते. टूल, म्हणजे कापणारं हत्यार, फिरत्या जॉबच्या मध्याकडे जाऊ लागलं की मशीन आपोआप वेग वाढवतं, आणि कितीच्या वर जायचं नाही हे ही ओळ सांगते. ती नसेल तर मशीन बेफाम सुटतं.

गेल्या उन्हाळ्यात माझ्या फाइलींमधून नेमकी तीच ओळ गायब व्हायला लागली. ओळींचे नंबर दहा-दहाने वाढतात; माझ्याकडे एन-दहा, मग एकदम एन-तीस. म्हणजे ओळ तयार व्हायची, नंबर घ्यायची, आणि मधूनच कुणीतरी काढून न्यायचं! सेटिंग तपासलं, बरोबर होतं. सॉफ्टवेअर नव्याने टाकलं, पीसी बदलला. पुण्याहून सपोर्टचा इंजिनिअर आला, त्याने बटण दाबलं तर ओळ हजर. मी दाबलं... नाही. शेवटी शेजारच्या टेबलावरच्या सुवर्णा मॅडमना माझ्या खुर्चीत बसवलं. माझाच पीसी, माझीच फाइल. त्यांना ओळ मिळाली, मला नाही.

"सर, तुम्ही काहीतरी वेगळंच दाबताय," त्या म्हणाल्या. मीही हसलो. ती ओळ नसलेली फाइल मी आधी एकदा पाहिली होती.

त्याच्या दोन वर्षं आधी दुसऱ्या मशीनसाठी मी ती ओळ सेटिंगमधून बंद केली आणि परत चालू करायला विसरलो. ती फाइल गेली बिरूदादांच्या लेथवर. बिरूदादा जतकडचे, मेंढपाळांच्या घरातले, आमच्याकडचे सगळ्यात सावध ऑपरेटर. त्यांच्या जुन्या लेथचा चक, म्हणजे जॉब धरणारा जबडा, चावीने हातानेच आवळावा लागायचा. मशीन बेफाम झालं, तेवढ्या वेगात घट्ट आवळलेला चकही जॉब धरू शकत नाही, तो सुटला आणि मशीनच्या दाराची काच फोडून त्यांच्या तोंडावर आला. उजवा डोळा गेला.

सगळे त्यांना घेऊन दवाखान्यात धावले, तेव्हा मी मशीनपाशी गेलो आणि ती ओळ हाताने प्रोग्राममध्ये टाकली. चौकशीत म्हणालो, "चक नीट आवळला नसेल." बिरूदादांनी मान खाली घातली. त्यांची नोकरी गेली. नीचपणा होता तो माझा, दुसरा शब्द नाही.

वडिलांना काही बोललो नाही. त्यांनी शांत करायला सांगितली असती. मी रजा टाकली आणि सांगलीला गाडी बदलून जतला गेलो.

दुपार होती. बिरूदादा मेंढरांच्या कुंपणाचं फाटक बांधत होते. गाठ मारली, चार पावलं चालले, परत जाऊन गाठ ओढून पाहिली. पुन्हा चार पावलं, पुन्हा परत.

"सारखं असंच करत्यात बगा," दारात उभ्या असलेल्या वहिनी मला म्हणाल्या. "सोताच्या हातावर भरवसाच न्हाई ऱ्हायला."

"अवं साहेब! तुमी कसं काय हिकडं?" दादांनी मला पाहिलं.

मी उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं. विसरलेलं सेटिंग, मागाहून घातलेली ओळ, चौकशीतलं खोटं. शिव्या खायची तयारी करूनच गेलो होतो. दोन थोबाडीत बसल्या असत्या तर बरं वाटलं असतं. दादांनी स्वतःचे हात उलटसुलट करून पाहिले.

"म्हंजी... चक म्या आवळला हुता?"

"हो दादा. घट्ट आवळला होता."

"अगं ए, ऐकलंस का?" त्यांचा आवाज फुटला. "म्या आवळला हुता गं! इसरलो न्हवतो म्या!" आणि रडत रडतच ते हसायला लागले. "लय उपकार झालं साहेब. बसा, च्या घ्या."

उपकार! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. वहिनी चहा ठेवायला आत गेल्या नाहीत. "दोन वरसं गेली," एवढंच म्हणाल्या.

परत आल्यावर मी कारखान्यात सगळं लेखी दिलं आणि दादांना फोन करून तसं कळवलं. माझं काय करायचं ते वरचे ठरवतील. ओळ अजूनही माझ्या हातून येत नाही, बटण सुवर्णा मॅडमच दाबतात. असं का होतं याचं स्पष्टीकरण ना सपोर्टवाल्यांकडे आहे, ना माझ्याकडे. शोधायचंही मी सोडून दिलंय.

परवा बिरूदादांचा फोन आला. "साहेब, त्या कागदावर ल्हिवलंय न्हवं, म्या चक आवळला हुता म्हून?"

"लिहिलंय दादा."

"मग त्येची एक झेरॉक्स पाठवा. दिवसा पटतंय वो... सांज झाली की परत वाटतं, खरंच आवळला हुता का म्या?"